वल्ह्याला लावलेला कान

घोळ मासळी पाण्याखाली ओरडते आणि कोळी तो आवाज वल्ह्याला कान लावून ऐकतात, असा लेख अलिबागच्या जोगळेकर मास्तरांनी मुंबईच्या एका शास्त्रीय मासिकाला धाडला. तो परत आला. समासात संपादकांचा एकच प्रश्न होता : "आवाज आपण स्वतः ऐकलात काय?"

मास्तरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तरी दुसऱ्याच दिवशी ते तुळशीराम कोळ्याच्या होडीत जाऊन बसले. भर समुद्रात तुळशीरामने वल्हं पाण्यात उभं धरलं, दांड्याला कान लावला आणि बऱ्याच वेळाने म्हणाला, "आयका." मास्तरांनी कान टेकवला. पाण्याच्या खळखळीपलीकडे त्यांना काही म्हणजे काही ऐकू येईना. तुळशीरामने मात्र तिथेच जाळं टाकलं आणि सात घोळी वर काढल्या.

परतताना मास्तर म्हणाले, "मासळी तर मिळाली. मी ऐकलं असंच लिहून टाकतो. कोण बघायला येतंय?"

तुळशीराम वल्हवायचा थांबला. "मास्तर, मना आवाज न्हाय आला, तं मी जालं न्हाय टाकीत."

घरी येताच मास्तरांनी लेखात दोन वाक्यं घातली : 'आवाज तुळशीराम कोळी यांनी ऐकला. मला तो ऐकू आला नाही.'