जावेच्या जागी ठोकलेला आकडा

मित्रांनो, तुमच्या घरी भिंतीला एखादा आकडा असेलच. त्यावर पिशवी अडकते, छत्री अडकते, घाईच्या वेळी बाबांचा शर्टही अडकतो. मीही तसाच एक जुना लोखंडी आकडा. पण मला ठोकलं ते पिशवीसाठी नाही. एका घरातल्या दोन जावांचं बिनसलं, त्यातल्या एकीची जागा रिकामी पडली आणि त्या जागेवर माझी नेमणूक झाली. माणसाच्या जागी नेमलेला आकडा तुम्ही दुसरा पाहिला नसेल, म्हणून सांगतो.

फाटकं आणि खिडक्यांच्या जाळ्या बनवायच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. जन्म कसला, मी उरलो. एका मोठ्या फाटकाला सळई कापली, हातभर तुकडा जास्त झाला, तो टेबलाखाली लाथाडला गेला. तिथे माझ्यासारखे बरेच होते. आम्ही धूळ खात पडून राहायचो आणि ज्यांची फाटकं झाली त्यांचा हेवा करायचो.

या कारखान्याच्या मालकांचं घर मागच्याच गल्लीत होतं. मालक थोरले, त्यांचा भाऊ धाकटा, दोघांच्या बायका एकाच स्वयंपाकघरात. घरचे त्यांना थोरली आणि धाकटी म्हणत, मीही तेच म्हणतो. थंडीतली मोठी सुट्टी जवळ आली की या घरात तऱ्हेतऱ्हेच्या गोळ्या व्हायच्या आणि गल्लीभर वाटल्या जायच्या. त्यातल्या ओढीव गोळ्यांचं नाव मोठं होतं.

ओढीव गोळी कशी करतात ठाऊक आहे का? साखरेचा पाक इतका कडक करायचा, की त्याचा थेंब थंड पाण्यात टाकला तर काचेसारखा तडकला पाहिजे. मग तो तेल लावलेल्या दगडी फरशीवर ओतायचा. हात लावण्याइतका निवला की हातमोजे घालून त्याचा लोळा उचलायचा आणि ओढायचा. एकीने एक टोक धरायचं, दुसरीने दुसरं. ओढायचं, दुमडायचं, पुन्हा ओढायचं. मधासारखा पिवळा लोळा हळूहळू रेशमासारखा पांढरा होतो. मग त्याची दोरी वळून कात्रीने तुकडे करायचे. हे सगळं लोळा मऊ आहे तोवरच. तो एकदा कडक झाला की देवाचंही ऐकत नाही.

तर पाक करायची थोरली. ओढायच्या दोघी. कापून, कागदात गुंडाळून गल्लीत वाटायला जायची धाकटी. आणि गोम इथेच होती. ज्याच्या हातून मिळतं त्याचं कौतुक करायचं, ही माणसांची जुनी खोड. एका सुट्टीत दूधवाला दारात उभा राहून खुद्द थोरलीलाच म्हणाला, "धाकट्या वहिनींच्या गोळ्या म्हणजे काय सांगू! आमच्या घरी मारामाऱ्या होतात."

थोरलीने दूध घेतलं. मग भांडी जरा जास्तच जोरात वाजू लागली.

"काय झालं, जाऊबाई?" धाकटीने विचारलं.

"काही नाही. हात भाजायचे आम्ही आणि नाव गाजायचं दुसऱ्याचं!"

"मी काय गल्लीभर दवंडी पिटत गेले होते का?"

"दवंडी कशाला? तोंड बंद ठेवलं तरी पुरतं. एकदा तरी म्हणालीस, पाक माझ्या जावेचा म्हणून?"

"मग पुढच्या वर्षी तुम्हीच करा, तुम्हीच ओढा, तुम्हीच मिरवा."

"ओढीन!"

मित्रांनो, तो एक शब्द म्हणजे माझी जन्मपत्रिका.

स्वयंपाकघराच्या मधोमध कपाट आलं. अलीकडे थोरलीची शेगडी, पलीकडे धाकटीची. बोलणं बंद. पुढची सुट्टी आली तेव्हा थोरलीने लोळ्याचं दुसरं टोक नवऱ्याच्या हाती दिलं. मालकांचा सगळा जन्म लोखंड वाकवण्यात गेलेला. त्यांनी पाय रोवून असा हिसका दिला, की लोळ्याचे दोन भाग झाले आणि मालक पिठाच्या डब्यावर बसले.

"अहो, साखर आहे ती, सळई नाही!"

दुसऱ्याच दिवशी मालकांनी टेबलाखालून मला उचललं, तापवलं, वाकवलं, कानशीने घासून गुळगुळीत केलं, आणि स्वयंपाकघराच्या भिंतीत ठोकलं. बायकोला मदत केली की स्वतःची सुटका करून घेतली, हे तुम्हीच ठरवा. मी तर खूश होतो. ज्यांची फाटकं झाली ती ऊनपावसात उभी होती, आणि मी साखरेच्या वासात!

काम मला जमलं. थोरली लोळा माझ्यावर टाकायची, दोन्ही हातांनी खाली ओढायची, दुमडून पुन्हा टाकायची. सप्, सप्, असा आवाज व्हायचा. धाकटीने पलीकडे चॉकलेटं सुरू केली. ती चॉकलेट वितळवायची, साच्यात ओतायची, गार झाल्यावर साचा उलटा करून टिचकी मारायची. टक्. इकडून सप्, तिकडून टक्. दोघींचं बोलणं तेवढंच.

या अबोल्यात तोटा कुणाचा झाला, ते मी वर्षानुवर्षं पाहत आलो. गल्लीचा तर मुळीच नाही. आधी घरटी एक पाकीट जायचं, आता दोन जाऊ लागली, आणि दोन्ही आधीपेक्षा जाड. कारण आपलं पाकीट दुसरीच्या पाकिटापेक्षा बारीक दिसलेलं कुणाला चालणार? गल्लीतली माणसं साधी असली तरी खुळी नव्हती. त्यातही शिंपीणकाकू पक्क्या. त्या कपाटाच्या अलीकडे येऊन थोरलीला म्हणायच्या, "गोळी ती गोळी! चॉकलेटात काय, वितळवलं की झालं. त्यात कसली आलीय मेहनत?" मग मागच्या दाराने पलीकडे जाऊन धाकटीला म्हणायच्या, "तुझं चॉकलेट जिभेवर ठेवलं की विरघळतं गं. त्या गोळ्या म्हणजे बाई दातांची परीक्षाच!" कपाट छतापर्यंत पोचत नव्हतं. मी उंचावर. मला दोन्ही बाजूंचं ऐकू यायचं. काकू दोन्हीकडून मूठभर खाऊन, पदरात बांधून घरी जायच्या.

काकूंना नावं ठेवायला मी मोकळा नाही. अबोला चालू होता तोवर माझीही नोकरी चालू होती. या दोघी बोलू लागल्या तर मी पुन्हा नुसता लोखंडाचा तुकडा, ही भीती मलाही होतीच.

सुट्टी सरली की माझी किंमत उतरायची. मग माझ्यावर ओली फडकी टाकायची, छत्री टांगायची. मालक तर कारखान्यातून आले की हातोड्या-पकडींची पिशवी माझ्याच गळ्यात अडकवायचे. भिंतीचा गिलावा माझ्या मुळाशी भुरभुरू लागला. मी आतल्या आत हलायला लागलो. माझ्याकडे बघतो कोण?

आणि एका वर्षी थोरलीचा उजवा खांदा धरला.

तिने कुणाला सांगितलं नाही. एकटी असली की ती तो हात डाव्या हाताने उचलून ओट्यावर ठेवायची. कुणी आलं की हसायची. सुट्टी तोंडावर आली तेव्हा शिंपीणकाकूंनी मुद्दाम विचारलं, "या वर्षी गोळ्या आहेत ना? का नुसती चॉकलेटंच?"

"आहेत म्हणजे? दर वर्षीपेक्षा जास्त आहेत!" थोरली कपाटाच्या वरून पलीकडे जाईल अशा आवाजात म्हणाली.

झालं. आता माघार नव्हती. या वर्षी गोळ्या गेल्या नाहीत, तर त्या "ओढीन" शब्दाचं काय राहिलं? गल्ली म्हणणार, थोरली दमली. ते तिला खांद्यापेक्षा जास्त दुखलं असतं.

त्या दुपारी तिने मोठा पाक केला. लोळा माझ्यावर टाकला. हाताने ओढवेना, म्हणून ती सगळं अंग खाली टाकून ओढू लागली. सप्... जरा थांबून... सप्. दर वेळी तिचा भार माझ्यावर. मी जीव तोडून भिंत धरून ठेवली. पण भिंतच सुटत होती. गिलाव्याचा एक पोपडा खाली पडला, मी मान टाकली, आणि लोळा घसरला.

थोरलीने तो वरच्यावर दोन्ही हातांत झेलला. मी भिंतीतून निम्मा बाहेर, खाली तोंड करून लोंबत होतो. लोळा अजून पिवळट होता. खाली ठेवला तर कडक होणार. एकटीने ओढायला खांदा नाही.

"अहो!" तिने हाक मारली. मालक कारखान्यात.

"कुणी आहे का घरात?"

पलीकडचं टक् टक् थांबलं होतं. घरात कोण आहे, हे दोघींनाही चांगलं ठाऊक होतं.

"कुणी म्हणजे कोण?" कपाटापलीकडून आवाज आला.

"अगं, लोळा निवतोय!"

"कुणाला सांगताय? भिंतीला की मला?"

"आता मान-अपमान काढायची वेळ आहे का ही?"

"मग कधी काढायचे? इतकी वर्षं कपाटाशी बोलताय. आज एकदा मला हाक मारा."

थोरलीने लोळ्याकडे पाहिलं. वरचा पापुद्रा चमकायचा थांबला होता. तिने डोळे मिटले. माझा जीव अधांतरी होता, खरंच अधांतरी.

"धाकटे," ती म्हणाली. मग लोळा सावरत, "खांदा गेलाय गं माझा. ये."

धाकटी कपाटाला वळसा घालून आली. आणि मी एक गोष्ट पाहिली, जी थोरलीने गडबडीत पाहिली नाही. धाकटीच्या दोन्ही हातांत हातमोजे आधीच चढवलेले होते. सप् सप्चा ताल बिघडल्याचं तिने हाकेच्या कितीतरी आधी ओळखलं होतं. नुसती हाकेची वाट बघत उभी होती!

"धरा नीट. डाव्या हाताने ओढा, उजवा नुसता लावा."

"मला शिकवतेस?"

"शिकवते. मागे सरका."

"कुठे सरकू? कपाट आहे!"

दोघींचे हात गरम साखरेत अडकलेले. सोडले तर लोळा वाया. मग मित्रांनो, त्या दोघींनी जे केलं ते बघायला मालक हवे होते. दोघींनी लोळ्यासकट पलीकडे जाऊन कपाटाला कंबर लावली. "एक, दोन, तीन!" कपाट करकरलं आणि हलत हलत थेट माझ्याच भिंतीशी येऊन टेकलं. मी त्याआधीच निसटून ओट्यामागे पडलो होतो, म्हणून वाचलो.

स्वयंपाकघर एकदम मोठं झालं. लोळा या टोकापासून त्या टोकापर्यंत लांब गेला, परत आला, पुन्हा गेला.

"तुला आठवतंय गं ओढायचं?"

"हात विसरत नाहीत. बाकी सगळं विसरायचा प्रयत्न करून पाहिला."

"दूधवाल्याला मी सांगितलं होतं," धाकटी लोळा दुमडत म्हणाली. "दुसऱ्याच दिवशी. पाक जाऊबाईंचा, मी फक्त वाटते म्हणून."

थोरलीचा हात थांबला. "मग मला का नाही सांगितलंस?"

"तोवर कपाट आलं होतं."

"ओढ," थोरली म्हणाली. "कडक होतंय."

मधे वेळ गेल्यामुळे दोरी सरळ निघाली नाही. तुकड्यांची टोकं वेडीवाकडी झाली. थोरलीने तोंड वाकडं केलं, तेव्हा धाकटीने न विचारता एक टोक आपल्या चॉकलेटात बुडवलं आणि तिच्या तोंडात घातलं. थोरलीने बराच वेळ चघळलं. "वाईट नाही," ती म्हणाली. तिच्या तोंडून एवढं म्हणजे खूप झालं.

त्या सुट्टीत गल्लीत घरटी एकच पाकीट गेलं. शिंपीणकाकूंनी ते उलटसुलट करून पाहिलं. "बस्स? एवढंच?" मग थोरलीला बाजूला घेऊन म्हणाल्या, "गोळी छानच गं, चॉकलेटाने जरा बिघडवली." थोरलीने तिथूनच आवाज दिला, "धाकटे, काकूंना तुझं चॉकलेट नकोय, त्यांचं पाकीट आत ठेव!" काकूंनी पाकीट घट्ट धरलं आणि तडक घर गाठलं.

आणि माझं काय? माझी भीती खरी ठरली. जुन्या भोकासमोर आता कपाट आहे. गोळ्यांशी माझा संबंध संपला. मालकांनी मला ओट्यामागून काढलं, घासलं आणि मागच्या दारामागे चांगलं सिमेंट भरून बसवलं. आता माझ्यावर दोघींचे ॲप्रन असतात. जिचा आधी टांगला तो खाली, दुसरीचा त्याच्यावर. त्यामुळे रोज सकाळी माझ्यापाशी कचकच होते.

"जाऊबाई, तुमचा काढा की, माझा अडकलाय."

"हात भरलेत माझे. तूच काढ, आणि माझ्याकडे फेक."

"फेकू? पीठ लागलंय त्याला."

"मग धुऊन टाक!"

मी हिशेबी प्राणी आहे. गोळ्यांच्या दिवसांपेक्षा मला इथे ओझं कमी, आणि ऐकायला जास्त. सौदा वाईट नाही.

फक्त एक काळजी आहे. ही कचकच ऐकून मालकांना दया आली आहे. परवा ते सळईचा आणखी एक तुकडा घेऊन आले आणि माझ्या शेजारी धरून बघत होते. "दोघींना वेगवेगळा करून देतो, कटकट मिटेल," असं स्वतःशी म्हणत होते. माणूस भला आहे, पण लोखंडाबाहेरचं त्यांना कळत नाही.

म्हणून मित्रांनो, सुट्टीत गोळ्या न्यायला आलात तर माझी एवढी कामं करा. मला एकदा हलवून बघा, सैल असलो तर सांगा. ओलं फडकं कुणी टाकलं असेल तर काढा, मी गंजतो. आणि मालक तो तुकडा घेऊन माझ्याकडे येताना दिसले, तर धावत जाऊन त्यांना म्हणा, "काका, आमच्या फाटकाची कडी लागत नाही, जरा बघता का?" ते लगेच निघतील. तुमच्या फाटकाला काही झालेलं नसलं तरी चालेल.