दोन निळी जॅकेटं

कुणाच्या पोटात दुखू नये म्हणून सासूबाई आम्हा दोघी जावांना सगळं एकसारखं घेतात. पावसाळी जॅकेटंही दोघींना निळीच. माझ्या पोटात दुखायचं ते दुखतंच.

धाकटीचं घरभर कौतुक. तिचा चहा चांगला, बोलणं गोड, डोंगर तर म्हणे हरणासारखी चढते. भर उन्हाळ्यातही शिखरावरच्या हवेचा भरवसा नाही, असं नवऱ्यानं दहादा बजावलं होतं. म्हणून सगळे डोंगरावर निघायच्या आधी मी तिच्या सॅकमधलं वरचंच जॅकेट काढून कपाटात कोंबलं. एकदा तरी तिची फजिती होऊ दे.

चढताना उन्हानं अंग भाजलं. माथ्यावर पोचलो आणि दहा मिनिटांत ढग उतरले, आडवा पाऊस झोडपू लागला. मी माझी सॅक उपसली, तर आत जॅकेटच नाही.

"ताई, तुमचा गुडघा दुखतो ना, म्हणून तुमचं ओझं कमी केलं," धाकटी स्वतःची सॅक चाचपत म्हणाली. "तुमचं जॅकेट मीच घेतलं होतं. वरच ठेवलं होतं."

ते सापडणार नव्हतंच. मग तिनं तळातून स्वतःचं काढलं आणि माझ्या अंगावर घातलं.

"माझाच धांदरटपणा," ती कुडकुडत म्हणाली.

"असू दे गं, होतं असं," माझा नवरा तिला म्हणाला आणि आपली टोपी तिच्या डोक्यावर ठेवली.

मी चेन गळ्यापर्यंत ओढली. चूक माझी, आणि तिचंही कौतुक हिलाच.