पुठ्ठ्याचं पॅकिंग

नवरा, श्रीमंत, गेल्याला दीड महिना झाला, तरी चतुराबाई रडली नव्हती. दवाखान्यात डॉक्टरनं मान हलवली तेव्हा नाही, तेराव्याला नाही, आणि भावजय गळ्यात पडून हंबरडा फोडत होती तेव्हाही नाही. बायका म्हणायच्या, धसका घेतलाय, एकदा रडली की मोकळी होईल. चतुराबाईला धसकाबिसका काही जाणवत नव्हता. भाकरी थापायची, म्हशीला पेंड घालायची, दिवस मावळला की आडवं व्हायचं. तोंडाला चव नव्हती, एवढंच.

पोरगा हरिओम लातूरला नोकरीला. त्यानं बापाची जुनी पेट्रोल जीप विकायला काढली. रेणापूरचा आनंदराज नावाचा, जुन्या गाड्यांचा शौकीन, शनिवारी बघायला येणार होता. पण जीप स्लोमध्ये टिकत नव्हती. रेस दिली की ठणठणीत. पाय काढला की थरथरायची, खोकायची, बंद पडायची. म्हणून शुक्रवारी हरिओमनं ती कंधारला चांदपाशाच्या गॅरेजात नेली. आईलाही सोबत घेतलं. घरात एकटी बसून काय करणार?

चांदपाशा श्रीमंतच्याच वयाचा, जुना दोस्त. "या भाभी," एवढंच म्हणाला, स्टूल पुसून दिलं आणि बॉनेट उघडलं.

आधी त्यानं चालू इंजिनवर प्लगच्या वायरी एकेक काढून बघितल्या. कुठलीही काढली की इंजिन तेवढंच आणखी लंगडायचं. "चारी सिलिंडर काम करून राहिलेत. प्लगचा दोष न्हाई." मग पॉइंट घासले. कार्बोरेटरचा स्लोचा जेट काढून हवा मारली, स्क्रू अर्धा आटा आत, अर्धा बाहेर करून बघितला. गाडी हाय तशीच.

"कधीपासून हाय रे हे?"

"काय माहीत चाचा. मी लातूरला."

"पोळ्यापासून," चतुराबाई म्हणाली.

दोघांनीही वळून बघितलं. दीड महिन्यात ती आपणहून पहिल्यांदाच बोलली होती.

"पोळ्याच्या आदल्या दिशी ह्यांनी कार्बोरेटर खोलला, सांजच्याला बसवला. तवापासून. गार असताना चोक ओढला की चालती. तापली की लई हलती. कुठं थांबलं की हे उतरायचे आन् म्हणायचे, चतुरे, पाय ठेव. मग मी सरकून रेसवर पाय ठिऊन बसायचे. पेंड आणायला गेलं तरी, दळणाला गेलं तरी."

"मग ही कुठल्या तरी फटीतून हवा खायलीय," चांदपाशा म्हणाला.

त्यानं ब्रश ऑइलमध्ये बुडवला आणि कार्बोरेटरच्या बुडाशी हळूहळू फिरवायला लागला. पुढं काही नाही. बाजूला काही नाही. मागच्या कोपऱ्याला ब्रश टेकला आणि ऑइल फटीत ओढलं गेलं. थरथर थांबली. चार-पाच सेकंद इंजिन सरळ चाललं, मग परत खोकायला लागलं.

इंजिन बंद करून त्यानं नट काढले, कार्बोरेटर उचलला. खाली पॅकिंग म्हणून बियाण्याच्या खोक्याचा पुठ्ठा होता. पेट्रोलनं काळा पडलेला, मागच्या कोपऱ्यात तुटलेला.

"श्रीमंतचंच काम. माझ्याकडं कामून न्हाई आला?"

"तुम्ही हैदराबादला होतात, पोरीकडं. ह्यांना सणाला गाडी पाहिजे होती."

हा पुठ्ठा कापताना श्रीमंतनं तिची शिवणाची कातर बोथट केली होती. त्यावरून ती दोन दिवस त्याच्याशी बोलली नव्हती. तिनं पुठ्ठा हातात घेतला. आत कुठंतरी काहीतरी हलेल म्हणून वाट बघितली. काही हललं नाही. पेट्रोलचा वास आला तेवढा.

"टाका," म्हणून तिनं तो परत दिला.

चांदपाशानं टाकला नाही. नव्या पॅकिंगच्या कागदावर तोच ठेवून पेन्सिलीनं आखून घेतलं. "भोकं बघ, हरिओम. एक दोरा इकडं-तिकडं न्हाई. पुठ्ठा हलका निघाला. हात न्हाई चुकला त्याचा."

नवं पॅकिंग बसलं. इंजिन तापू दिलं. "भाभी, वर बसा. ठेवा पाय रेसवर. हां. आता काढा."

तिनं पाय काढला. इंजिन चालतच राहिलं, एका लयीत, बारीक घुमत. ती आपल्या मोकळ्या पायाकडं बघत राहिली. समोर चांदपाशा तेलकट फडक्यानं डोळे पुसत होता आणि तोंड काळं करून घेत होता. धावत्या एस्टीच्या खिडकीतून कुणी दिसावा तसा तो तिला दिसला.

शनिवारी आनंदराज आला. बॉनेटखाली डोकावला, चक्कर मारून आला, खूश झाला. हरिओम कागद आणायला आत गेला तशी चतुराबाई जीपजवळ आली.

"थंडीत चोक पुरा ओढायचा. धरली की अर्धा सोडायचा, एकदम न्हाई. चढाला दुसऱ्या गेरात घाला, तिसऱ्यात कुंथती."

"तुम्ही चालवता का मावशी?"

"न्हाई. बसायचे मी."

जीप वळणापलीकडं गेली. चतुराबाईनं पाटीत पेंड काढली आणि म्हशीपुढं नेऊन ठेवली.