एका दिवसापुरता झगा

शनिवारी सकाळी दार्का ह्नातियुक मशीनवर चादर टाकायची, कॉफीचं मोठं भांडं चढवायची आणि येईल त्याला सल्ला द्यायची. कॅनडातल्या विनिपेग शहराच्या नॉर्थ एंड वस्तीतलं तिचं दुकान म्हणजे एक लांबोडकी खोली. पुढे काउंटर, मागे तीन बाजूंचा आरसा. पाटीवर ‘कपडे दुरुस्ती’ असं लिहिलेलं होतं, पण शनिवारी येणाऱ्यांचे कपडे फाटलेले नसत. पुरुषी कपड्यांतच जिवाला बरं वाटतं अशा बायका यायच्या, झगे-फ्रॉक अंगाला काट्यासारखे टोचतात अशी पोरं यायची, आणि आपण बाई की पुरुष हा प्रश्नच ज्यांनी मोडीत काढला होता असेही यायचे.

दार्का एकसष्ट वर्षांची. बुटकी, रुंद, छातीनं भरलेली, केस कानाच्या वर कातरलेले. पुरुषांच्या सुटांच्या एका बड्या दुकानाच्या तळघरात तिनं अठ्ठावीस वर्षं बाह्या आखूड केल्या आणि कंबरा आत घेतल्या. तिचं स्वतःचं अंग कुठल्याच पुरुषी मापात बसत नव्हतं. सगळी विद्या तिला त्यातूनच आली होती.

“आधी खांदा बघ,” ती म्हणायची. “खांदा बसला की बाकीचं मी बसवते. खांदा नाही बसला तर देवाच्या बापालाही बसवता येणार नाही.”

पँट कुल्ल्यावर बसेल अशी घ्यायची, कंबर मागाहून आत घेता येते. शर्ट छातीशी फाकत असेल तर दुसऱ्या आणि तिसऱ्या बटणाच्या मध्ये आतून चोरबटण लावायचं. कुणी छाती सपाट दिसावी म्हणून बँडेज गुंडाळून आली तर दार्का खवळायची. “सोड आधी ते. बरगडी मोडून घेतलीस तर सूट कोण घालणार, मी?” आणि बुटक्या पोरींना दुकानात पोरांच्या कपड्यांच्या विभागात जायची लाज वाटली तर म्हणायची, “बारा वर्षांच्या पोराचा शर्ट घालून मी बँकेत गेलेय. मॅनेजर उठून उभा राहिला होता.”

हसता हसता लोक आरशासमोर उभे राहायचे. काही जण पहिल्यांदाच स्वतःकडे डोळे उघडून बघायचे. मग दार्का कॉफी ओतायच्या निमित्तानं पाठ फिरवायची, म्हणजे त्यांना रडून घेता यावं.

तिच्या भावाची, बोहदानची, मुलगी तालिया. सोळाव्या वर्षी स्वयंपाकघरातल्या कात्रीनं स्वतःचे केस कापून ती या दुकानात आली होती. आपल्याला मुली आवडतात हे तिनं पहिल्यांदा आत्याला सांगितलं, आईबापांना नव्हे. शाळेच्या नाचाला तिला झगा नको होता, म्हणून दार्कानं तिच्यासाठी सूट शिवला. बोहदान दीड वर्ष बहिणीशी बोलला नाही. “माझ्या पोरीला तू बिघडवलंस,” एवढं एक वाक्य बोलून त्यानं दार लावून घेतलं होतं. नाताळची जेवणं दार्कानं तेव्हा एकटीनं जेवली, पण पोरीला कधी बोलून दाखवलं नाही.

आता तालिया तिशीची, वकील. केस खांद्यापर्यंत, ओठांना रंग. तिचं लग्न कोरीन नावाच्या कॅलगरीच्या मुलीशी ठरलं होतं. दोघी पांढरे झगे घालणार होत्या. दार्काला त्याचं काही वाटलं नाही. ज्याला झगा आवडतो त्यानं झगा घालावा. तिचा धर्म तेवढाच होता.

लग्नाला तीन आठवडे उरले असताना एका गुरुवारी तालिया झग्याचं माप द्यायला आली. दार्का तिच्या पायाशी गुडघे टेकून घेर दुमडत होती, तोंडात टाचण्या.

“आत्या, तू काय घालणार आहेस?”

दार्कानं टाचण्या काढल्या. “राखाडी सूट. दोन महिने शिवतेय. अस्तर बघशील तर वेडी होशील.”

आरशात तालियाचा उतरलेला चेहरा दार्काला दिसला.

“काय झालं?”

“कोरीनच्या घरचे... त्यांना हे सगळं पचवायला वेळ लागलाय गं. तिची आजी नव्वद वर्षांची आहे. आत्ता कुठे ते म्हणायला लागलेत की पोरी चांगल्या आहेत, साध्या आहेत, त्या... त्या इतरांसारख्या नाहीत.”

“इतर म्हणजे मी.”

“तसं नाही. फक्त फोटोंपुरतं. काहीतरी मऊसं घाल. साधा झगा. एकच दिवस, आत्या.”

एकच दिवस. लहानपणी चर्चमधल्या पहिल्या प्रसादविधीच्या वेळी आई हेच म्हणाली होती. शाळेच्या निरोप समारंभाच्या वेळी बाप म्हणाला होता. आईच्या अंत्यविधीला बोहदान म्हणाला, ‘आईसाठी, एकच दिवस,’ आणि दार्का काळा स्कर्ट घालून चर्चमध्ये दोन तास उभी राहिली होती. शेवटी आईसाठी रडायचं राहूनच गेलं, सगळं लक्ष पायांना लागणाऱ्या वाऱ्याकडे. घरी येऊन तिनं तो स्कर्ट कात्रीनं फाडला होता आणि पुन्हा कधी नाही म्हणून शपथ घेतली होती.

“हलू नकोस,” ती म्हणाली. “टोचेल.”

“माझ्यासाठी तू बाबांशी भांडलीस ना? मग एवढं नाही करणार?”

दार्का खाली मान घालून टाचण्या लावत राहिली. पुरा घेर झाला तेव्हा गुडघ्यांवर हात देऊन उठली आणि म्हणाली, “बरं.”

तालियानं तिला मिठी मारली. टाचण्या दोघींना टोचल्या.

दार्कानं बाजारातून गडद निळा झगा आणला. विकत घेतलेला कपडा तसाच अंगावर चढवणं तिला जमणारं नव्हतं. तिनं बाह्यांचे मुंढे उसवले, खांदा नव्याने बसवला, छातीवरचा ताण सैल केला, घेर हाताच्या बारीक टाक्यांनी दुमडला. झगा असा बसला की शहरातल्या कुठल्याही बाईनं विचारलं असतं, कुणी शिवला?

शनिवारी जॉस आला, असं लिहिणं चूक. आली, हेही चूक. जॉसला दोन्ही नको होतं, ‘ते’ म्हणा म्हणायचे. दार्काची जीभ पहिले चार महिने अडखळली, मग वळली. जॉस पंचविशीचे, उंच, सडपातळ, तालियाच्या ऑफिसात काम करणारे. लग्नासाठी त्यांचा बाटलीहिरवा सूट दार्कानंच शिवला होता. ते न्यायला आले तेव्हा हँगरवरचा झगा त्यांना दिसला.

“हा कोणाचा?”

“माझा.”

जॉस हसले. मग दार्काचा चेहरा बघून थांबले. “मस्करी ना?”

“लग्नाला घालायचाय.”

“दार्का, आरशासमोर दुसऱ्या कोणासाठी उभं राहायचं नाही, हे तुम्हीच मला शिकवलंत.”

“तुला शिकवलं,” दार्का म्हणाली. “तुझा सूट घे आणि नीघ. कॉलरला इस्त्री लावू नकोस, वाफ दे.”

लग्न ऑक्टोबरात, नदीकाठच्या एका हॉलमध्ये झालं. दार्का निळ्या झग्यात दाराशी उभी राहिली तेव्हा भावजय आयरीननं तिचा हात दाबला. बोहदान तिच्याकडे बघत राहिला. त्याचे डोळे पाणावले. “आज पहिल्यांदा तू माझ्या बहिणीसारखी दिसतेस,” तो म्हणाला. आणि ते त्यानं प्रेमानं म्हटलं.

हाताचं काय करायचं हे दार्काला कळेना. झग्याला खिसे नव्हते. तिला वाटलं, सगळा हॉल आपल्याकडे बघतोय. मग लक्षात आलं की कुणीच बघत नाहीये, आणि ते जास्त लागलं.

कोरीनची आई, श्रीमती हॅलोरन, दोन्ही हात पुढे करून आली. “तुम्हीच त्या आत्या! अहो, किती छान दिसताय. तालियानं आम्हाला उगीच घाबरवून ठेवलं होतं.”

“काय सांगितलं होतं तिनं?”

“अहो, गंमत हो! ती नक्कल किती छान करते, नाही?”

तालिया आपली नक्कल करते हे दार्काला माहीत नव्हतं.

एवढ्यात दारातून जॉस आत आले. हिरव्या सुटाचा खांदा सुरीनं कापल्यासारखा, पँटची घडी थेट बुटावर. कॅलगरीच्या बायकांनी त्यांना घेरलं. “कसला सूट आहे हा!” “मुलगा की मुलगी कळतच नाही, किती स्टायलिश!” नव्वद वर्षांच्या आजीनं खुर्चीतून हात लांब करून बाहीचं कापड चाचपून पाहिलं आणि म्हणाली, “माझ्या तरुणपणी असा सूट मिळाला असता तर मी पण घातला असता.” सगळ्या हसल्या.

“यांनी शिवलाय,” जॉस म्हणाले आणि दार्काकडे बोट केलं.

श्रीमती हॅलोरननी निळ्या झग्याकडे पाहिलं. “अय्या, हो? हातात कला आहे हं तुमच्या.”

फोटोवाल्यानं मित्रांच्या फोटोत जॉसना मधोमध उभं केलं. नातेवाइकांच्या फोटोत दार्काला अगदी टोकाला. “काकू, खांदे जरा सैल सोडा. पाय जवळ घ्या. हसा ना!” तो तीनदा म्हणाला. दार्कानं पाय जवळ घेतले.

जेवणात युक्रेनी होलुब्त्सी होत्या, आयरीननं केलेल्या, भाताचं सारण भरलेली कोबीची पानं, मऊ उकडलेली. दार्कानं एक घास खाल्ला आणि उठली. कोट ठेवायच्या बोळात तालिया पायातला बूट सैल करत एकटी उभी होती.

“जॉसला झगा घाल म्हणून का नाही सांगितलंस?”

“आत्या, आत्ता नको.”

“आत्ताच.”

“जॉसचं वेगळं आहे.”

“काय वेगळं? कापड मी कापलं, टीप मी घातली. सांग ना, काय वेगळं?”

तालियानं डोळे मिटले. “जॉस तरुण आहे. बारीक आहे. त्यांच्या अंगावर ती फॅशन वाटते. तुझ्याकडे बघून लोकांना...”

“बोल.”

“हसू येतं, आत्या. नाहीतर कीव येते. माझ्या लग्नात तुला कोणी हसावं, हे मला नको होतं. मी तुझ्यासाठीच केलं.”

तिचे डोळे भरून आले होते. ती खोटं बोलत नव्हती. आपण आत्यावर प्रेमच केलं असं तिला खरोखर वाटत होतं. दार्कानं तिच्याकडे बघितलं, तिच्या खांद्यावर घसरलेली झग्याची पट्टी सवयीनं सरळ केली, आणि खुंटीवरचा आपला कोट घेतला.

बोहदान पार्किंगपर्यंत मागे धावत आला. “अजून लग्नाचा पाव, कोरोवाय, मोडायचाय, आणि तू निघालीस? घरची मोठी माणसं लागतात त्याला.”

“बूट चावतोय.”

“दार्का, या पोरीसाठी मी किती गिळलं ते मला माहीत. लोक काय काय बोलले. तुला एक झगा गिळता येत नाही?”

“गिळलाय की,” दार्का म्हणाली. “अंगावर दिसत नाही का?”

पुढच्या शनिवारी दुकान बंद होतं. त्याच्या पुढच्या शनिवारी तिनं उघडलं, कॉफी केली, खांदे तपासले, बटणं दाखवली. ट्रान्सकोना उपनगरातून आलेल्या एका पन्नाशीच्या बाईनं, आयुष्यातला पहिला ब्लेझर घालून, विचारलं, “लोक हसले तर?” पूर्वी अशा वेळी दार्काकडे दहा विनोद तयार असत.

“हसतील,” ती म्हणाली. बाईनं ब्लेझर काढून ठेवला आणि कॉफी न पिताच गेली. दार्कानं तिला हाक मारली नाही.

डिसेंबरात आयरीन अल्बम घेऊन आली. जाड पानं, सोनेरी कडा. जॉस चार पानांवर होते. दार्का पान पान उलटत शेवटापर्यंत गेली.

“पानं मोजकीच असतात गं,” आयरीन खिडकीकडे बघत म्हणाली. “आणि त्या एका फोटोत तू जरा... अवघडल्यासारखी आलीस.”

“हो, आले असेन,” दार्का म्हणाली आणि तिला डब्यातली बिस्किटं दिली.

फेब्रुवारीत तालियाचा फोन आला. दोघींचं बोलणं लग्नानंतर पहिल्यांदाच. हवापाणी झालं, गाडी सुरू होत नाही हे झालं, मग ती म्हणाली, “आत्या, मला एक सूट हवाय. खरा पुरुषी कापाचा. आता ऑफिसात सगळ्याच घालतात, कोर्टात पण छान दिसतो. तुझ्यासारखा या शहरात कोणी शिवत नाही.”

“दुसरीकडे शिव.”

“अजून रागावलीस?”

“राग असता तर शिवला असता, आणि वाईट शिवला असता.”

“मग काय आहे?”

आयुष्यात दार्कानं कुणाला माप नाकारलं नव्हतं. दारुडे, चर्चचे पाद्री, तिला तोंडावर नावं ठेवणारे नवरदेव, सगळ्यांची मापं तिनं घेतली होती. “माझ्याच्यानं तुझ्या अंगाला टेप लागणार नाही,” ती शेवटी म्हणाली. पलीकडे तालिया रडायला लागली. दार्कानं ते थोडा वेळ ऐकलं आणि फोन ठेवला.

ईस्टरला बोहदानच्या घरी दोघी एकाच टेबलावर जेवल्या. तालियानं नवीन सूट घातला होता, कुठल्याशा महागड्या दुकानातला. खांदा बोटभर मोठा होता आणि मुंढ्याखाली कापडाला चुणी पडत होती. कोरीन म्हणाली, “छान दिसतोय ना, आत्या?” सगळ्यांनी दार्काकडे पाहिलं.

“छान आहे,” दार्का म्हणाली आणि किसलेल्या बिटाची वाटी पुढच्याकडे सरकवली.