काच सगळीकडं सारखीच

गहिनीनाथला दिसत नव्हतं. साखर कारखान्याच्या गेटवर उसाच्या गाड्यांना नंबराची चिठ्ठी देणारा हा माणूस तीन वर्षं जवळपास आंधळा होता, अन् घरच्यांशिवाय कुणाला पत्ता नव्हता. कळलं असतं तर दुसऱ्याच दिवशी नोकरी गेली असती.

काम तो कानांनी अन् बोटांनी करायचा. खिडकीशी गाडीवान नंबर सांगायचा, की बोटं जुन्या टर्मिनलच्या बटनांवर धावायची. पाचाच्या बटनावर बारीकसा उंचवटा. तिथून पुढं सगळं पाठ. चुकलं की टर्मिनल दोनदा वाजायचं, बरोबर असलं की एकदा. मळकट, अवजड धूड, पण हाताला ओळख देणारं.

मग साहेबलोकांनी काचेचं टर्मिनल आणलं. बटन न्हाई, आवाज न्हाई. आकड्यांची जागासुद्धा दर खेपेला वेगळी. म्हणे मग बघणाऱ्याला बोटांवरून आकडे चोरता येत नाहीत. उन्हात, धुळीत, दिवसाला चारशे गाड्या ज्याला बघायच्या त्याला कुणी विचारलं नाही. विचारलं ते शेवटी, कागदापुरतं.

"आठ दिवस दोन्ही वापरा अन् कोणतं सोयीचं ते लिहून द्या," संगणक विभागाचा साहेब विजयसिंह म्हणाला. गहिनीनाथनं सात दिवस जुनंच रेटलं. आठव्या दिवशी विजयसिंह मागं येऊन उभा राहिला.

"आज नव्यावर दाखवा."

दगडाबाईची बैलगाडी आली. "तीन इसा चार," ती म्हणाली. म्हणजे चौसष्ट; तिच्या ऊसतोडीच्या टोळीत मोजणी विसानंच. गहिनीनाथनं काचेवर अंदाजानं दोन ठिकाणी बोट टेकवलं. चिठ्ठी निघाली.

थोड्याच वेळात ती परत आली. "भाऊ, वजनकाट्यावरचा म्हणतो चिठ्ठी चौऱ्याण्णवची हाय. गाडी माघारी काढली माजी. पहाटंपस्नं बैल उभं हायती." मग खिडकीत वाकून हळूच, "तुमाला दिसत न्हाई व्हय?"

"काय म्हणते?" विजयसिंहनं मागून विचारलं.

गहिनीनाथनं मान मागं वळवली. "नंबर तिनंच चुकीचा सांगितला, साहेब. इसात मोजत्यात ह्या. घोळ होतो."

दगडाबाईनं एकदा त्याच्याकडं, एकदा साहेबाकडं बघितलं.

"आसल," ती म्हणाली. "माजंच चुकलं आसल." अन् गाडी वळवून रांगेच्या शेपटाला गेली.

"बघा, माणसंच अडाणी. यंत्र काय करणार?" विजयसिंहनं कागद पुढं सरकवला. "लिहू ना, नवं सोयीचं?"

जुनं सोयीचं म्हटलं तर साहेब विचारणार, का? त्या 'का'चं उत्तर म्हणजे नोकरी.

"लिहा," गहिनीनाथ म्हणाला. साहेबानं कागदावर ठेवलेलं बोट चाचपून त्यानं तिथं सही केली.

दोन हमालांनी जुनं टर्मिनल उचलून भंगाराच्या खोलीत नेलं. पुढच्या गाडीवानानं नंबर सांगितला. गहिनीनाथनं काचेवर बोट टेकवलं. काच गार होती, अन् सगळीकडं सारखीच.