मला आता तरंगता येत नाही

मित्रांनो, मी एक जुने, नारिंगी लाइफ जॅकेट आहे. फतेगंजमधल्या जगदेवरावांच्या बाल्कनीत खुंटीवर लटकते. माझ्या हाती फक्त आजचा दिवस आहे, म्हणून घाईत सांगते.

एका कारखान्यात जाड फोमचे तुकडे कापडात शिवून मला तयार केले. जगदेवराव निवृत्त इंजिनीअर आणि बडोद्यातल्या हौशी शिडवाल्यांचे म्होरके. दर रविवारी शहराबाहेरच्या तलावावर या मंडळींच्या शिडाच्या होड्या निघत. पहिल्याच रविवारी मला घालून जगदेवरावांनी काठावरून धप्पकन उडी मारली. मी त्यांना बुचासारखे वर आणले. "याला म्हणतात जॅकेट!" ते ओरडले. काय ऐट होती माझी तेव्हा!

माझा घात पाण्याने नाही, शेव-उसळीने केला. होड्या काठाला लागल्या की सगळे खायला बसत. दगड टोचतात, मग खाली काय घ्यायचे? जॅकेटे! जगदेवरावांच्या पत्नी शैलाताई तर हक्काने म्हणत, "ते नारिंगी दे ने इकडे, मस्त मऊ आहे." बारा वर्षे मी असे वजन सोसले. आतला फोम दबून दबून पापडासारखा झाला. वरून मात्र मी धुतलेले, चकचकीत. उडी मारून मला तपासायची पद्धत तर केव्हाच बंद पडली होती.

गेल्या रविवारी जगदेवरावांनी मला त्यांच्या अकरा वर्षांच्या नातीला, शर्वरीला घातले. "हे पहेर बेटा. माझं लकी जॅकेट आहे."

मी जिवाच्या आकांताने ओरडले. पण जॅकेटाला कुठला आवाज?

तलावाच्या मध्यावर वारा फिरला आणि होडी कलंडली. शर्वरी पाण्यात पडली. तिला वर उचलणे एवढे एकच माझे काम, आणि मी तिच्याबरोबर खाली चालले होते. तिचे हात माझ्यावर घट्ट आवळलेले होते. तिचा माझ्यावर केवढा भरवसा! मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. तेवढ्यात तिचे वडील विहंग यांनी बुडी मारली, माझा खांद्यावरचा पट्टा हाताला लागला तो खेचला आणि तिला उलट्या होडीवर चढवले.

काठावर सगळे रडत होते. विहंग म्हणाले, "पप्पा, जॅकेट होतं म्हणून वाचली हो!"

नाही हो, विहंगराव! तुम्ही होता म्हणून वाचली.

घरी मला हळदकुंकू लावले. खंडेराव मार्केटमधून झेंडूचा हार आणून घातला. शैलाताईंनी मला हात जोडले. एवढी लाज मला कधी वाटली नव्हती.

आज शनिवार आहे. मघाशी शर्वरीची मैत्रीण कोमल आली होती. उद्या तीही होडीत बसणार आहे. शर्वरी तिला म्हणाली, "तुला पोहता येत नाही ने? मग माझं लकी जॅकेट तू घाल. मी दुसरं घेईन."

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणीतरी लवकर या. येताना कात्री आणा. हा हार काढा, माझे पट्टे कापा, माझ्या चिंध्या करा आणि मला कचऱ्यात टाका. मी हूं की चूं करणार नाही. पण उद्या सकाळी मला कोमलच्या अंगावर चढू देऊ नका.