मिसिंगवरचा मंत्र

गॅरेजच्या फाटकात मुंगी शिरायला जागा नव्हती. आत टोइंगची जुनी गाडी बॉनेट वासून उभी होती. इंजिन आचके देत होतं आणि मोटारबाबा त्याच्या पोटात हात घालून पुटपुटत होते.

"मेकॅनिक लोखंड बघतो," बाबा गरजले, "मी लोखंडात बसलेला बघतो! धरलाय मानगुटीला! आता हलून दाखव, मेल्या!"

त्यांनी मंतरलेल्या पाण्यात भिजवलेलं तांबडं फडकं आत कुठंसं गुंडाळलं. थोड्या वेळानं आचके विरळ झाले, थांबले, आणि इंजिन एका सुरात चालू लागलं. जयजयकार झाला. सगळ्यांत मोठ्यांदा ओरडला तो गाडीचा मालक, ओढूमामा.

लोकांच्या बंद पडलेल्या गाड्या ओढून आणण्यात त्याची हयात गेली, म्हणून हे नाव. 'आपण नुसत्या आवाजावरून इंजिनाचं दुखणं ओळखतो' असं तो ज्याला त्याला सांगायचा. स्वतःच्या गाडीचा आवाज मात्र तो महिनोन्‌महिने ऐकत होता आणि डोक्यात प्रकाश म्हणून पडत नव्हता. प्लग बदलले, वायरी बदलल्या, कार्बोरेटर इतक्यांदा उघडला की त्याचे स्क्रूही कंटाळले असतील. सकाळी गाडी शहाण्या बाळासारखी चालायची. मागं ओझं लावून चढणीला लागली की तापायची आणि मिसिंग, म्हणजे ठिणगी चुकून आचके, सुरू. एकदा तर तो जी बंद गाडी ओढत होता, तिच्याच मालकानं उतरून याच्या गाडीला धक्का मारला. त्या दिवशी मामानं अक्कल गुंडाळून ठेवली आणि बाबांचे पाय धरले.

पण बाबांचा गुण टिकेना. आज उतरलेलं भूत उद्या परत हजर. बाबांकडे त्याचंही उत्तर होतं.

"घरात हल्ली कोण राहायला आलंय?"

मामाची थोरली बहीण आली होती. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेली. नवरा गेल्यावर गॅरेजच्या वरच्या खोलीत राहत होती.

"तीच! तिला घालवा, गाडी सुटेल."

मामा जिना चढून गेला. ताई भाजी निवडत होती.

"ताई, थोडे दिवस लेकीकडे जाऊन येतेस? म्हणजे आपला... हवापालट."

"मला हवापालट, की तुझ्या कार्बोरेटरला?" खालचं सगळं वर ऐकू येत होतं.

ताईचे डोळे भरून आले, पण आवाज वर्गातलाच होता. "जाईन मी. आधी उद्या गाडी चांगली तापवून आण. फडकं मी गुंडाळणार."

दुसऱ्या दिवशी गर्दी दुप्पट. मामा चढण चढून आचके खात परतला. ताई फरशी पुसायचं फडकं नळाच्या पाण्यात भिजवून घेऊन आली. इंजिनात बाबांचं तांबडं फडकं वाळून तसंच होतं. तिनं ते काढलं, त्याच जागी आपलं बांधलं आणि खणखणीत आवाजात तेराचा पाढा म्हणायला लागली. लोक हसले. पाढा दुसऱ्यांदा म्हणेपर्यंत आचके थांबले होते. आता हसणारेही थांबले.

"बाबा, आता तुमची पाळी," ताई आपलं ओलं फडकं सोडत म्हणाली. "गाडी पुन्हा तापू द्या. मंत्र सगळे म्हणा, फक्त पाणी नको."

गाडी तापली, आचके सुरू झाले. बाबा मंत्र म्हणून म्हणून घामाघूम झाले. इंजिन ढिम्म ऐकेना. "तुमची श्रद्धाच कच्ची!" म्हणत ते फाटकाकडे सरकले आणि गर्दीत दिसेनासे झाले.

"मला इंजिनातलं कळत नाही," ताई भावाला म्हणाली. "पण फडकं ज्याला बांधत होतो, ते हे काळं नळकांडं कसलं?"

मामानं कपाळावर हात मारला. "कॉइल! प्लगला ठिणगी हिच्यामुळं मिळते. आतून खराब झाली की तापल्यावर ठिणगी मरते, गार झाली की येते. ओल्या फडक्यानं ती गार होत होती गं! पण मी तपासली होती की..."

"केव्हा?"

"रोज सकाळी," मामा पुटपुटला. "गार असताना."

नवी कॉइल बसवली. गाडी ओझं घेऊन चढण चढून आली, एक आचका नाही. मामा ताईपुढं हात जोडणार, तोच एक बाई पुढं आली. कडेवर पेंगुळलेली मुलगी.

"हिला फिट येतात. तुमची गाडी बरी झालेली बघून आम्ही हिच्या गोळ्या बंद केल्या. बाबा म्हणाले, उतारा पुरे."

मामाचा चेहरा उतरला. जयजयकार त्यानंच सर्वांत मोठ्यांदा केला होता. तो पायरीवर चढला.

"ऐका! मी इंजिनात जन्म काढलेला माणूस, तरी गाढव ठरलो. सख्ख्या बहिणीला घराबाहेर काढायला निघालो होतो. चमत्कार दिसला की हात जोडू नका, प्रश्न विचारा. मंत्र काढून बघा, पाणी काढून बघा, गुण कशाचा ते कळेल. आणि माणसाच्या दुखण्याला डॉक्टर आहे. पोरांच्या गोळ्या कुणाच्या सांगण्यावरून थांबवू नका, माझ्यासारख्याच्या तर मुळीच नका!"

मग त्यानं मायलेकींना आणि ताईला पुढच्या सीटवर बसवलं आणि गाडी दवाखान्याकडे काढली. डॉक्टरीणबाईंनी मुलीला तपासलं, गोळ्या परत सुरू केल्या आणि आईला चांगलंच फैलावर घेतलं.

"तिला नका बोलू," मामा म्हणाला. "जे बोलायचं ते मला बोला."

डॉक्टरीणबाईंनी त्यालाही सोडलं नाही. मामा मान खाली घालून शेवटपर्यंत ऐकत उभा राहिला.